आना झेगर्स वाचावी का, आणि वाचायची तर कुठून

प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मनची बी-टू (म्हणजे मधल्या लेव्हलची वरची परीक्षा) झालीये, विसाव्या शतकातली एखादी जर्मन कादंबरीकार नीट वाचायचीये, कोणीतरी आना झेगर्सचं नाव सुचवलं, पण शोधायला गेलं तर सगळीकडे "पूर्व जर्मनीची सरकारी लेखिका" असा शिक्का दिसतो, आणि तिच्या प्रकाशकाला खोट्या खटल्यात अडकवलं तेव्हा ती कोर्टात गप्प बसून राहिली असंही वाचलंय. मग वाचावी का?

मी बरीच वर्षं जर्मन शिकवते, वरच्या लेव्हलच्या मुलांबरोबर झेगर्स वाचते, त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय. वाचावीच. आणि ती कोर्टातली गोष्ट बाजूला सारून नाही, ती डोक्यात ठेवूनच वाचावी, कारण तिच्या सगळ्या चांगल्या पुस्तकांचा विषय नेमका तोच आहे, की माणूस दारात मदत मागायला उभा आहे आणि मदत केली तर आपलं घरदार जाऊ शकतं, अशा वेळी साधा माणूस काय करतो.

आधी आयुष्य, कारण त्याशिवाय पुस्तकं अर्धीच कळतात. खरं नाव नेट्टी रायलिंग, जन्म 19 नोव्हेंबर 1900, ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्त्स शहरात, ज्यू घरात, एकुलती एक. वडील कलावस्तू आणि अँटिक्सचे व्यापारी, त्यामुळे लहानपणापासून चित्रं, जुनी लाकडी शिल्पं, माइन्त्सचं ते भलंमोठं कॅथेड्रल हे सगळं घरच्यासारखं. कोलोन आणि हायडेलबर्गला शिकली, कलेचा इतिहास, इतिहास आणि चक्क चिनी भाषा-संस्कृती, आणि 1924 ला पीएचडी केली, विषय रेम्ब्रांटच्या चित्रांतले ज्यू आणि ज्यू जीवन. हायडेलबर्गलाच लास्लो रादवान्यी भेटला, हंगेरीतून पळून आलेला कम्युनिस्ट, 1925 ला लग्न झालं, बर्लिनला गेले, दोन मुलं झाली. झेगर्स हे नाव तिने हर्क्युलिस सेगर्स नावाच्या जुन्या डच चित्रकारावरून घेतलं. सुरुवातीची पुस्तकं नुसत्या "झेगर्स" या नावाने आली, पहिलं नाव नाहीच, आणि कित्येक समीक्षकांनी हा कोणीतरी पुरुष लेखक आहे असं धरून लिहिलं, इतकं ते गद्य कोरडं आणि कणखर होतं. 1928 ला "सांता बार्बाराच्या कोळ्यांचं बंड" ही लहान कादंबरी आली, कंपनीविरुद्ध उठलेल्या आणि शेवटी चिरडल्या गेलेल्या कोळ्यांची, तिला क्लाइस्ट पुरस्कार (जर्मन साहित्यातला एक मानाचा) मिळाला आणि त्याच वर्षी ती कम्युनिस्ट पक्षात गेली. ही दोन्ही कामं एकाच वर्षी होणं मला महत्त्वाचं वाटतं. पुढे कोणी म्हणतं की राजकारणाने लेखिका बिघडवली, कोणी म्हणतं राजकारणाने घडवली, पण तिच्यात हे दोन धागे पहिल्यापासून एकत्रच आहेत.

1933 ला हिटलर आला, तिला थोडा वेळ पकडलंही, सुटल्यावर ती स्वित्झर्लंडमार्गे पॅरिसला गेली आणि मुलं नंतर पोचली. तिथे निर्वासितांच्या मासिकांचं काम, सभा, पैशाची कायमची ओढाताण आणि त्यातच कॅफेत बसून लिहिणं, बाई खरंच गर्दीत, आवाजात बसून लिहायची. इथेच 1937 ते 39 मध्ये "सातवा क्रॉस" लिहिली गेली.

आता या पुस्तकावर मी थांबणार आहे, कारण तुम्ही एकच वाचणार असाल तर हेच वाचा. वेस्टहोफन नावाच्या छळछावणीतून सात कैदी पळतात. (वर्म्सजवळच्या ओस्टहोफनला, एका बंद पडलेल्या कागद कारखान्यात, नाझींनी 1933 ला खरोखरची छावणी काढली होती, ती 1934 ला बंद झाली, कादंबरीतली छावणी त्यावर बेतलेली आहे पण काळ पुढचा, 1937 चा.) छावणीचा कमांडंट सात चिनार झाडांचे शेंडे छाटतो, खांद्याच्या उंचीवर आडव्या फळ्या ठोकतो, सात क्रॉस तयार, आणि म्हणतो एकेकाला पकडून इथे आणणार. पुस्तक पहिल्याच पानांत सांगून टाकतं की ती झाडं पुढे तोडली गेली, त्यांचं सरपण झालं, आणि सातवा क्रॉस रिकामाच राहिला. म्हणजे एक माणूस सुटला हे आपल्याला आधीच माहीत असतं! तरी पुढची चारशेच्या आसपास पानं हातातून सुटत नाहीत, कारण आपण बघत असतो ते तो कोणाकोणामुळे सुटला.

सुटतो तो गेऑर्ग हाइसलर. तो काही फार गुणी माणूस नाही, बायकोला सोडलेला, मित्रांशी वाईट वागलेला. सात दिवस, सात प्रकरणं, आणि या सात दिवसांत तो ज्यांच्या ज्यांच्या वाटेत येतो त्या प्रत्येकाची परीक्षा होते. भिंतीवरच्या काचेने कापलेला हात घेऊन तो माइन्त्सच्या कॅथेड्रलमध्ये रात्र काढतो, तेच कॅथेड्रल जे झेगर्सने लहानपणी रोज बघितलेलं, आणि कैद्याचे कपडे तिथेच टाकून जातो. सकाळी ते गाठोडं पाद्र्याच्या हातात येतं आणि तो गुपचूप जाळून टाकतो. बस, एवढंच. पाद्री कादंबरीत नंतर कुठेही हिरो होत नाही. मग एक ज्यू डॉक्टर काहीही न विचारता हात बांधून देतो, त्याच्यासाठी तर हा धोका दुप्पट. मग लेनी, जिच्या भरवशावर गेऑर्गने छावणीत दिवस काढले, ती दारातूनच परत पाठवते. आणि मग पाउल रोडर, बालमित्र, ज्याच्याकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती. कारखान्यातला कामगार, घरभर पोरं, सरकारवर तसा खूश, कारण हाताला काम आहे आणि मुलांमागे सरकारकडून मदतही मिळते. तो गेऑर्गला घरात घेतो, आणि खरी गोष्ट कळल्यावरही बाहेर काढत नाही. राजकीय विचार वगैरे काही नाही, लहानपणी एकत्र गोट्या खेळलेला पोरगा आहे, त्याला कसं हाकलणार. मुलांना विचारलं की या पुस्तकातलं कोण लक्षात राहिलं, तर बहुतेक जण गेऑर्गच्या आधी रोडरचं नाव घेतात.

अजून एक प्रसंग सांगते, माझ्या सगळ्यात आवडीचा. पळताना गेऑर्ग एका शेतकी शाळेच्या शेडमधून जाकीट चोरतो, कॉर्डरॉयचं, चेनवालं, नवंकोरं. ते फ्रित्स हेल्विग नावाच्या पोराचं असतं, हिटलर यूथमधला, म्हणजे नाझींच्या पोरांच्या संघटनेतला, जाकिटावर जीव असतो त्याचा. सुरुवातीला तो नुसता चिडलेला असतो, चोराला पकडा आणि माझं जाकीट परत द्या. पण दिवस जातात, छावणीबद्दल कानावर काय काय येतं, एका म्हाताऱ्या माळ्याशी बोलणं होतं, आणि शेवटी पोलीस ते सापडलेलं जाकीट समोर धरून विचारतात हे तुझंच ना, तेव्हा पोरगा म्हणतो, नाही, हे माझं नाही. झेगर्स तिथे एक शब्दही समजावून सांगत नाही की त्याच्यात बदल झाला, त्याला सत्य उमगलं वगैरे. तो फक्त नाही म्हणतो आणि पोलिसांचा माग तुटतो. हा असा संयम शिकवायला मी दुसरं पुस्तक घेत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला वालाऊ आहे, सातांमधला सगळ्यात खंबीर, तो पकडला जातो. चौकशीचं प्रकरण कसं लिहिलंय बघा: अधिकारी प्रश्न विचारतो, वालाऊ उत्तर देत नाही, आणि मग आपल्याला त्याच्या मनातलं उत्तर वाचायला मिळतं, पण भूतकाळात, जणू तो माणूस आधीच मेलाय आणि मेलेल्याबद्दल कोणीतरी बोलतंय. पुन्हा प्रश्न, पुन्हा वालाऊ उत्तर देत नाही. नाटकीपणा शून्य आणि अंगावर काटा येतो. आणि त्याच वालाऊला दगा देणारा माणूस, ट्रामवर काम करणारा बाखमान, त्याचीही गोष्ट दोन-चार ठिकाणी तुकड्यातुकड्यांत येते, तो शेवटी गळफास घेतो. झेगर्स त्याला शिव्या घालत नाही. त्याच्या बायकोच्या नजरेतून त्याच्याकडे बघायला लावते, ते जास्त भयंकर आहे.

हस्तलिखिताचंही नशीबच म्हणायचं. युद्धाच्या धामधुमीत बाकीच्या प्रती गेल्या, एक अमेरिकेत लेखक वाइस्कोफपर्यंत पोचली, आणि 1942 ला बोस्टनहून आधी इंग्रजी पुस्तक आलं, बुक ऑफ द मंथ क्लबने उचललं, तुफान खपलं, त्याच सुमारास मेक्सिकोत निर्वासितांच्या "एल लिब्रो लिब्रे" या प्रकाशनाने मूळ जर्मन काढलं. 1944 ला हॉलिवूडमध्ये फ्रेड झिनेमानने सिनेमा केला, स्पेन्सर ट्रेसी गेऑर्ग. जर्मनी अजून युद्धात होती आणि अमेरिकन वाचक एका जर्मन ज्यू कम्युनिस्ट बाईच्या पुस्तकातून चांगले जर्मन कसे असतात ते वाचत होते.

तोवर ती स्वतः पळत होती. जून 1940 ला पॅरिस पडलं, ती दोन मुलांना घेऊन पायी निघाली, जर्मन सैन्याने वाट अडवली, परत पॅरिसला, मग पुन्हा प्रयत्न करून दक्षिण फ्रान्समध्ये गेली जिथे नवरा ल व्हेर्नेच्या नजरकैदेच्या कॅम्पमध्ये अडकला होता. मग मार्से हे फ्रान्सचं बंदर, व्हिसासाठीच्या रांगा, आणि मेक्सिकोचा कॉन्सुल जिल्बेर्तो बोस्केस, ज्याने हजारो निर्वासितांना कागद दिले. मार्च 1941 ला "कापितेन पॉल लमेर्ल" या बोटीने ते निघाले, त्याच बोटीवर कवी आंद्रे ब्रतों, लेखक व्हिक्टर सर्ज आणि मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेवी-स्ट्रोस होते, मार्टिनिक, न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, पण अमेरिकेने उतरू दिलं नाही, तशीच पुढे मेक्सिको.

यातून "ट्रान्झिट" आली. ही दुसरी वाचा. नावही नीट न कळणारा एक तरुण, त्याच्या हातात पॅरिसच्या हॉटेलात आत्महत्या केलेल्या एका लेखकाचे कागद येतात, मार्सेला मेक्सिकोच्या कॉन्सुलेटमध्ये त्यालाच तो लेखक समजतात, आणि त्या लेखकाची बायको नवऱ्याला शोधत कॅफेकॅफेतून फिरत असते. गोष्ट प्रेमाची आहे, पण खरं पात्र म्हणजे कागद. मार्सेत राहायची परवानगी हवी तर तुम्ही इथून जाणार आहात हे सिद्ध करा. जायला पोचायच्या देशाचा व्हिसा हवा, तो असेल तर वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट, त्यासाठी बोटीचं तिकीट, आणि बाहेर पडायचा परवाना वेगळाच, आणि चौथा कागद हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली. एक म्हातारा संगीतकार कराकसच्या नोकरीसाठी हे सगळं पुन्हा पुन्हा जमवत राहतो आणि सगळं जमत आलेलं असताना मरतो. ज्याने कधी व्हिसा ऑफिसबाहेर फाइल धरून घालवलेत दिवस, त्याला हे पुस्तक कोणी समजावून सांगायची गरज नाही. क्रिस्तियान पेत्सोल्डने 2018 ला यावर सिनेमा केला, गोष्ट 1940 ची पण रस्ते, गाड्या, पोलीस आजच्या मार्सेतले, तो जरूर बघा, पण पुस्तकानंतर.

मेक्सिकोत असताना 1943 ला तिला गाडीने उडवलं, डोक्याला जबर मार, काही काळ स्मृतीही गेली होती. आणि आईचं तर त्याआधीच संपलं होतं. वडील 1940 ला गेले, आईसाठी झेगर्स मेक्सिकोचा व्हिसा मिळवायच्या मागे होती पण वेळेत जमलं नाही, मार्च 1942 ला हेडविग रायलिंगना माइन्त्समधून बाकीच्या ज्यूंबरोबर पोलंडमधल्या पियास्कीला नेलं, त्या परत आल्या नाहीत. अपघातातून उठल्यावर लिहिलेली कथा म्हणजे "मेलेल्या मुलींची सहल". मला विचाराल तर जर्मन भाषेतल्या विसाव्या शतकातल्या सगळ्यात चांगल्या पाच-सात कथांमधली एक. आजारातून उठलेली बाई मेक्सिकोच्या उन्हात एका पांढऱ्या भिंतीकडे चालत जाते, आत जाते, आणि कोणीतरी हाक मारतं, नेट्टी! एकदम ती शाळकरी मुलगी, पहिल्या महायुद्धाच्या आधीची, ऱ्हाइनवर वर्गाची सहल, सी-सॉवर लेनी (ही "सातवा क्रॉस"मधली नाही, वेगळी) आणि मारियाने. एका वाक्यात मुलगी बाईंना प्रेमाने कॉफी ओतून देतेय आणि त्याच वाक्याच्या पुढच्या भागात कळतं की हीच मुलगी मोठी होऊन त्याच ज्यू बाईंना बाकावरून हाकलणार आहे. लेनी आणि मारियाने जिवाभावाच्या मैत्रिणी, पुढे लेनी छावणीत मरते आणि मारियाने तिच्या लहान मुलीला मदत करायचं नाकारते, मग बॉम्बमध्ये स्वतः मरते. सगळ्या पोरी एकत्र हसतायत आणि लेखिकेला सगळ्यांचा शेवट माहीत आहे. परत घरी आल्यावर आई वर गॅलरीत उभी दिसते आणि नेट्टीला जिना चढवतच नाही. वर्गात ही कथा घेते तेव्हा शेवटची दोन पानं मी मोठ्याने वाचत नाही, मुलं आपापली वाचतात. बी-टूला ही जमेल, काळ उड्या मारतो तिथे फक्त सावकाश जा.

आता अवघड भाग. 1947 ला ती बर्लिनला परत आली, त्याच वर्षी ब्युखनर पुरस्कार मिळाला, आणि थोड्याच वर्षांत पूर्व बर्लिनची झाली. 1952 ते 1978 पूर्व जर्मनीच्या लेखक संघाची अध्यक्ष, म्हणजे सव्वीस वर्षं. मोठ्या कादंबऱ्या लिहिल्या, "मेलेले तरुणच राहतात" 1949 ची, ती चांगली आहे. नंतरच्या "निर्णय" (1959) आणि "विश्वास" (1968) मी पूर्ण वाचल्यात, तुम्ही नाही वाचल्या तरी चालेल. पोलाद कारखाना, इकडचा जर्मनी बरोबर आणि तिकडचा चूक, पात्रं आधीच ठरलेल्या बाजूला उभी. रोडर लिहिणाऱ्या हाताने हे लिहिलं याचं वाईट वाटतं.

आणि वाल्टर यांका. हा तोच माणूस ज्याने मेक्सिकोत "एल लिब्रो लिब्रे" चालवलं, म्हणजे "सातवा क्रॉस" जर्मनमध्ये पहिल्यांदा आणणारा, पुढे पूर्व बर्लिनच्या आउफबाऊ प्रकाशनाचा प्रमुख. 1956 ला हंगेरीत उठाव झाला, तिथला मार्क्सवादी तत्त्वज्ञ लुकाच याच्या जिवाची काळजी वाटली म्हणून त्याला तिथून सुखरूप आणायची एक योजना झाली, तिच्यात झेगर्स स्वतः होती. ती योजना वरून थांबवली गेली, पण वर्षअखेर यांकालाच पकडलं, आणि 1957 च्या खटल्यात लुकाचला आणायचा तो बेत त्याच्याविरुद्ध प्रतिक्रांतीचा पुरावा म्हणून वापरला. झेगर्स प्रेक्षकांत बसली होती, नाटककार ब्रेख्तची बायको, नटी हेलेन वायगेलही होती. सगळं माहीत असलेली झेगर्स उठून बोलली नाही. यांकाला पाच वर्षांची शिक्षा झाली. 1989 ला त्याच्या आठवणी छापल्या गेल्या तेव्हा हे जगाला कळलं, तोवर झेगर्स जाऊन सहा वर्षं झाली होती.

तिने पूर्व जर्मनीचा पक्षप्रमुख उलब्रिष्टला खासगीत भेटून यांकासाठी शब्द टाकला होता असं पुढे आलं, उपयोग झाला नाही. आणि 1990 ला तिच्या कागदांतून "न्यायी न्यायाधीश" नावाची एक अपुरी कथा छापली गेली, त्याच सुमारास लिहिलेली: एका तरुण न्यायाधीशाला निरपराध माणसाला दोषी ठरवायला सांगतात, तो नाही म्हणतो आणि स्वतःच कैदेत जातो. लिहिली, आणि कपाटात ठेवली.

तुम्ही विचारलंय या सगळ्याचं काय करायचं. माझं मत स्पष्ट आहे. मी तिला या बाबतीत माफ करत नाही आणि ते माझं कामही नाही, यांकाची वर्षं गेली. ज्या व्यवस्थेने तिला पासपोर्ट, घर, मान दिला, जी तिला नाझींच्या विरुद्धचा एकमेव आधार वाटत होती, ती मोडायची तिची तयारी नव्हती, आईला गमावलेल्या बाईला पुन्हा एकदा देश गमवायची भीती काय असते हे मी समजू शकते, पण समजणं वेगळं. आणि तरीही मला वाटतं की लेनी दार का लावते, बाखमान का फुटतो, हे इतकं आतून लिहिणारी बाई त्या भीतीला चांगली ओळखत होती. म्हणून "सातवा क्रॉस" वाचून झाल्यावर मी मुलांना यांका प्रकरण सांगते, आधी नाही. आधी सांगितलं की मुलं पुस्तकाऐवजी बाईचा निकाल लावत बसतात.

वाचायचा क्रम म्हणाल तर: आधी सहलीची कथा, तीसेक पानं आहेत, दोन बैठकांत होईल. मग "सातवा क्रॉस", पण शेजारी एक कागद ठेवा आणि नावं लिहीत चला, पात्रं खूप आहेत आणि पहिली पन्नासेक पानं सायकलवरून कारखान्यात जाणारा फ्रांत्स, मेंढपाळ, सफरचंदं असं चालू असतं, मुलं इथेच सोडतात, सोडू नका, तो मेंढपाळ आणि ते रोजचं साधं जगणं लागणार आहे पुढे. जर्मन जड गेलं आणि इंग्रजी सोबत ठेवायचं असेल तर 1942 चं जुनं भाषांतर घेऊ नका, त्यात काटछाट आहे, मार्गो बेटाउअर डेम्बोचं 2018 चं घ्या, "ट्रान्झिट"चंही तिचंच चांगलं आहे. त्यानंतर "ट्रान्झिट". उशिराच्या लेखनातलं काही हवं असेल तर "खराखुरा निळा", 1967 ची, मेक्सिकोतल्या एका कुंभाराची गोष्ट, त्याला हवा तो निळा रंग मिळेनासा होतो आणि तो शोधत निघतो. लहान आहे, भाषा सोपी आहे, आणि यात पक्षाचा कोणीही माणूस भाषण करत नाही. कधी बर्लिनला गेलात तर आडलर्सहोफमध्ये तिचा फ्लॅट म्युझियम म्हणून जपलाय, पुस्तकांनी भरलेला, आणि रस्त्यालाही आता तिचंच नाव आहे. जायच्या आधी वेळ विचारून घ्या, रोज उघडं नसतं.